दुसरा रिमोट

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आला. त्याला दोन कंट्रोलर होते आणि दोन्ही यंत्रालाच कायमचे जोडलेले. पहिल्यावर चार दिशांची फुली, ए आणि बी ही बटणं, शिवाय सिलेक्ट आणि स्टार्ट. दुसऱ्यावर सिलेक्ट-स्टार्ट नव्हतंच. त्या जागी एक छोटासा मायक्रोफोन बसवलेला होता. म्हणजे खेळ सुरू करायचा, मध्येच थांबवायचा तो पहिल्याने, दुसऱ्याने फक्त खेळायचं. तरी हा दुसरा कंट्रोलर पुढेमागे वेगळा विकत घ्यायची वस्तू नव्हता, खोक्यातच येत होता. टीव्हीसमोर दोघं बसणार, हे यंत्र बनवणाऱ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

आमच्या नागपुरातल्या घरांमध्ये हे यंत्र मूळ नावाने आलं नाही, नकला होऊन आलं. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या चिप्सची हुबेहूब नक्कल केली आणि पुढे सगळं यंत्रच एका चिपमध्ये बसवलं. समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी ही यंत्रं देशभर विकली गेली. नकला एवढ्या सहज झाल्या याचं एक कारण तांत्रिक आहे. अमेरिकेत निन्टेन्डोने जे यंत्र विकलं त्यात कुलपासारखं काम करणारी चिप होती. ओळख पटल्याशिवाय ते कोणाचीही कॅसेट चालवत नसे. जपानी यंत्रात असलं कुलूप नव्हतं. ६० पिनांच्या खाचेत बसेल ती कॅसेट चालणार. म्हणून तर बर्डीच्या गल्ल्यांमधल्या आणि इतवारीतल्या दुकानांत ‘९९९९ इन १’ असं छापलेल्या पिवळ्या कॅसेटी लटकलेल्या असत. त्यात खरे खेळ काही डझनच. बाकी सगळे तेच खेळ, वेगळ्या फेरीपासून सुरू होणारे किंवा वेगळ्या नावाचे. आम्ही मात्र यादी खालपर्यंत चाळायचोच, एखादा नवा सापडेल म्हणून.

नागपूरच्या उन्हाळ्याशी या यंत्राचं फार घट्ट नातं आहे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. सकाळी अकरानंतर पोराने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्यातून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पुण्यातला चुलतभाऊ नव्या वह्यांना कव्हर घालत असायचा तेव्हा आमच्या हातात अजून आठ-दहा दुपारी शिल्लक असत. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, खिडक्यांना जाड पडदे, जेवणं उरकून मोठी माणसं आडवी झालेली, आणि बैठकीत सुटीला आलेली मामे-मावस भावंडं. या मंडळीत रिमोट, म्हणजे ते कंट्रोलर, दोनच.

यंत्र लावणं हाही एक सोहळाच असायचा. जुन्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायची सोय नसे. अँटेनाची वायर काढून त्या जागी यंत्राची वायर खोचायची आणि चॅनलचं बटण फिरवत बसायचं. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या, मग तिरप्या रेघा, मग काळं-पांढरं थरथरतं चित्र आणि शेवटी रंग. यंत्र म्हणजे खरं तर एक चिमुकलं प्रसारण केंद्रच होतं. चित्र आणि आवाज ते टीव्हीच्या एखाद्या चॅनलच्या लहरींवर चढवून पाठवत असे. टीव्हीच्या लेखी दूरदर्शन आणि आमचा मारिओ यांत काही फरक नव्हता.

लहानपणीच्या आवडत्या खेळांची यादी कोणी विचारली की लोक चित्रं आठवतात, संगीत आठवतात, कोण किती फेऱ्या जिंकला ते सांगतात. मी माझी यादी वेगळ्या मापाने लावतो. दुसरा रिमोट ज्याच्या हातात आहे त्याला हा खेळ काय देतो? ज्या खेळाने त्याला मानाचं पान वाढलं, तो खेळ माझ्यासाठी थोर.

या मापाने पहिला नंबर बॅटल सिटीचा, म्हणजे आपल्या ‘टँक’चा. नामको कंपनीने तो १९८५ मध्ये काढला. पडद्याच्या तळाशी मधोमध एक गरुड, त्याच्याभोवती विटांचं कुंपण. वरून शत्रूचे रणगाडे उतरणार, एका फेरीत २०. सगळे उडवले की पुढची फेरी. अशा एकूण ३५ फेऱ्या. गरुडाला एक गोळी लागली की खेळ खलास, मग तुमच्याकडे कितीही लाइफ उरलेल्या असोत. आणि गोळी कोणाची होती याची चौकशी होत नाही. तुमच्या स्वतःच्या रणगाड्याची लागली तरी शेवट तोच.

एकटा खेळाडू असेल तर पडद्यावर एका वेळी शत्रूचे जास्तीत जास्त चार रणगाडे असतात. दोघं खेळायला बसले की ते सहा होतात. गडी वाढला म्हणून काम हलकं होत नाही, ते वाटून घ्यावं लागतं. पिवळा रणगाडा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर आपण मरत नाही, पण काही क्षण लुकलुकत जागच्या जागी खिळून राहतो. नेमक्या त्याच क्षणी शत्रूचा एखादा वेगवान रणगाडा डावीकडच्या गल्लीतून खाली सुटतो.

“अबे, मला काऊन मारून राह्यला? तिकडं पाय ना, गरुडाकडं!”

“तूच मधात आला न बे!”

हा संवाद नागपुरातल्या कुठल्याही मोहल्ल्यात, कुठल्याही घरात ऐकू येत असणार. कारण तो खेळाच्या रचनेतच लिहिलेला आहे. टँकमध्ये एकाने गरुडापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने वर जाऊन शत्रूला गाठायचं, ही वाटणी कुठल्याही पुस्तिकेत सांगितलेली नसते. पहिल्या दोन फेऱ्या हरल्यावर ती आपसूक होते. राखणीचं काम धाकट्याकडे यायचं हे ओघानेच आलं. पण ते काम दुय्यम नाही हे पाचव्या-सहाव्या फेरीत दादालाही कळायचं. वर जाणारा चुकला तर एक लाइफ जाते, राखणारा चुकला तर सगळंच जातं.

या खेळातली विटेची भिंत जरा नीट पाहण्यासारखी आहे. मैदान १३ बाय १३ चौकटींचं. विटेची एक पूर्ण चौकट एका गोळीत पडत नाही. गोळी ज्या बाजूने येते त्या बाजूचा पातळ थर तेवढा सोलला जातो, चार गोळ्यांत चौकट साफ. त्यामुळे भिंतीत बेताने भोक पाडून मागे दबा धरता येतो, अर्धवट सोललेल्या विटेआड लपता येतं. लुकलुकणारा रणगाडा फोडला की बक्षीस येतं. तारा मिळाला तर तोफ सुधारते, तीन तारे झाले की पोलादही फुटतं. फावडं मिळालं तर गरुडाभोवतीच्या विटा काही काळ पोलादाच्या होतात. फावडं कोणी घ्यायचं यावरून भांडण व्हायचं नाही, कारण त्याचा फायदा दोघांना. ताऱ्यावरून व्हायचं. शिवाय ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणून एक पर्याय होता. रिकाम्या मैदानावर हव्या तिथे विटा, पोलाद, पाणी, झाडी मांडून स्वतःची फेरी तयार करायची. यंत्र बंद केलं की ती पुसली जायची, तरी एक जण मांडायचा आणि दुसरा शेजारी बसून सूचना करायचा. दुसऱ्या रिमोटला तिथे काम नव्हतं, पण तो धरणाऱ्याला होतं.

कॉन्ट्रा दुसऱ्या नंबरवर. आधी तो पार्लरमधला खेळ होता, १९८७ चा. घरच्या यंत्रावर तो १९८८ मध्ये आला. कोनामी कंपनीचा. निळ्या पँटचा बिल पहिल्याचा, लाल पँटचा लान्स दुसऱ्याचा. दोघं एकाच वेळी जंगलातून धावतात, एकाच पडद्यावर. ही बरोबरी दिसते तेवढी सोपी नाही. उडत्या डब्यातून ‘एस’ पडलं, म्हणजे पाच दिशांना पंख्यासारख्या गोळ्या सोडणारी बंदूक, तर ती एकालाच मिळणार. तिसऱ्या फेरीतला धबधबा तर मैत्रीची कसोटी. तिथे पडदा वरवर सरकतो. पुढचा झपाझप उड्या मारत वर गेला की मागच्याच्या पायाखालची फळी पडद्याबाहेर जाते आणि तो मरतो. त्याला शत्रू मारत नाही, जोडीदाराची घाई मारते. “थांब ना बे, मी खाली हाओ!” असं ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो. दोघांनी एकाच तालात चढायला शिकलं तरच चौथी फेरी दिसते.

कॉन्ट्रा खेळताना माणसं आणि गोळ्या मधूनच लुकलुकायच्या. आम्हाला वाटायचं कॅसेटीत धूळ गेली. मग कॅसेट काढून फुंकर मारायची. कारण वेगळंच होतं. या यंत्राचा मेंदू सुमारे १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामापुरती स्मृती २ किलोबाइट. हलणारी प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या तुकड्यांची जुळवलेली असते आणि असे ६४ तुकडेच यंत्र एका वेळी सांभाळू शकतं. त्यातही पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त आठ दाखवता येतात. नववा आला की तो दिसतच नाही. मग कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी युक्ती केली. दर चित्राला तुकड्यांचा क्रम बदलायचा, म्हणजे या वेळी एक गायब, पुढच्या वेळी दुसरा. डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं, पण पूर्णपणे नाहीसं कोणी होत नाही. दोघं शेजारी उभे राहून गोळ्या झाडत असले की ही रेषा लगेच भरायची. दुसऱ्या खेळाडूला जागा करून द्यायला यंत्राला खरोखरच ओढाताण करावी लागत होती, आणि तरी कोनामीच्या लोकांनी ती केली. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

कॉन्ट्राचं नाव निघालं की ३० लाइफचा मंत्र निघतोच: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. हा मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ नावाचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. तपासणीपुरती सगळी शस्त्रं मिळावीत म्हणून त्यांनी ही बटणांची माळ घातली आणि ती खेळात तशीच राहून गेली. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. आमच्याकडच्या अनेक कॅसेटींत ३० लाइफचा कॉन्ट्रा यादीतच वेगळा दिलेला असायचा. मंत्र पाठ असण्याची गरज नव्हती. तरी ज्याला तो पाठ होता त्याचा मोहल्ल्यात भाव होता.

सुपर मारिओ ब्रदर्स. १९८५ चा हा खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा, संगीत कोजी कोंदो यांचं. आठ जगं, प्रत्येकात चार फेऱ्या, म्हणजे ३२ फेऱ्या, आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये. जागा वाचवायला काय काय केलं आहे ते पाहून थक्क व्हायला होतं. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच, नुसता रंग बदललेला. लहानपणी शेकडो वेळा पाहूनही ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मारिओमध्ये दोघं एकत्र खेळत नाहीत. मारिओ मेला की लुइजीची पाळी, तो मेला की परत मारिओची. माझ्या मापाने हा खेळ मागे पडायला हवा. पडत नाही, कारण यात पाहणाऱ्यालाही काम आहे. मारिओत गुपितं ठासून भरलेली आहेत आणि पाळीची वाट पाहणारा ती पाठ करत असतो. पहिल्या जगाच्या दुसऱ्या फेरीत छतावर चढून शेवटपर्यंत चालत गेलं की तीन नळ्या लागतात, त्यांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात जाता येतं. हे आम्हाला कोणत्याही मासिकाने सांगितलं नाही. कोणाच्या तरी मावशीच्या शेजारच्या पोराकडून ते आलं आणि दुपारभरात गल्लीत पसरलं. दुसरा रिमोट मांडीवर ठेवून बसलेला पोरगा “आता डोक्यानं मार, इथं लाइफ आहे” म्हणायचा, आणि खरंच हिरवं मशरूम निघायचं. चांगला खेळाडू होण्याआधी प्रत्येक जण असा सल्लागार असतो.

डक हंट मात्र बंदुकीचा. ही बंदूक पडद्यावर काही सोडत नाही, ती फक्त पाहते. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा डोळा आधी अंधार आणि मग उजेड दिसला का एवढंच तपासतो. दिसला तर बदक पडलं. आधी काळा पडदा का? नाहीतर आमच्यासारखी कार्टी ट्यूबलाइटवर नेम धरून सगळी बदकं पाडतील. बदक सुटलं की गवतातून तोंड काढून हसणाऱ्या कुत्र्यावर आम्ही किती गोळ्या वाया घालवल्या असतील! त्याला कधीच लागत नाही. पण या खेळातली माझी लाडकी गोष्ट दुसरीच आहे. एका बदकाच्या प्रकारात रिमोटने बदक उडवता येतं. एक जण नेम धरतो आणि दुसरा बदकाला हुलकावण्या देत पळवतो. हे कळलं त्या दुपारी आमच्याकडे बंदुकीपेक्षा रिमोटसाठी जास्त ओढाओढ झाली.

रोड फायटर, सर्कस चार्ली, गॅलॅक्सियन यांच्यावर माझा जीव आहेच. रोड फायटरमध्ये पेट्रोलचा काटा खाली येताना घशाला पडणारी कोरड मी विसरलेलो नाही. पण ते एका वेळी एकाचेच खेळ, म्हणून या प्रकरणात त्यांना एवढीच जागा.

घराबाहेर मात्र मुस्तफाचं राज्य होतं. किराणा दुकानाच्या मागे, सायकलच्या दुकानाच्या बाजूला, एखाद्या अंधाऱ्या खोलीत दोन-तीन मशिनी आणि रुपयाच्या नाण्यांचा खणखणाट. खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनी, १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर तो बेतलेला. चार पात्रं: जॅक, हॅना, मुस्तफा आणि आडदांड मेस. पिवळी टोपी घालून धावत येऊन उडती लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून सगळ्यांना तोच हवा, आणि भारतभर खेळालाच त्याचं नाव पडलं. या मशिनीवर एका वेळी तिघं खेळू शकत. घरी दुसरा रिमोट भावाचा असायचा. इथे तो अनोळखी माणसाचा असे. तुम्ही खेळत असताना बाजूला एखादा कॉलेजातला मोठा मुलगा येऊन उभा राहायचा, काही न बोलता नाणं टाकायचा आणि तुमच्या बाजूने लढायला लागायचा. तुमचा जीव थोडा उरला असेल तर जमिनीवर पडलेलं जेवण तुमच्यासाठी सोडायचा. ओळख ना पाळख. खेळ संपला की तो त्याच्या वाटेने, तुम्ही तुमच्या. घरात ओरडा बसेल म्हणून ही गोष्ट कोणाला सांगताही यायची नाही.

मुस्तफा कुठल्याही घरच्या यंत्रावर कधीच आला नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या अशाच मारामारीच्या सात जुन्या खेळांचा संच काढला, त्यातही तो नाही. तो दुसऱ्याच्या कॉमिकवर बेतलेला असल्यामुळे हक्कांची गाठ सुटायला कठीण. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकत मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. जुने खेळ आज आपल्याला पाहायला मिळतात ते मुख्यतः हौशी लोकांमुळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पार्लरमधल्या मशिनीचं वागणं संगणकावर जसंच्या तसं उभं करायचं, म्हणजे मशीन भंगारात गेली तरी खेळ उरेल. मुस्तफाही त्यात उरला आहे.

निन्टेन्डोनेही २०१६ मध्ये आपल्या जुन्या यंत्राची तळहाताएवढी प्रतिकृती काढली, ३० खेळ आत भरून. जपानी प्रतिकृतीला दोन्ही चिमुकले रिमोट जोडलेले होते. अमेरिकी प्रतिकृतीच्या खोक्यात मात्र एकच कंट्रोलर यायचा, दुसरा वेगळा घ्यावा लागे. आता बर्डीवर टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणाऱ्या स्वस्त कांड्या मिळतात, हजारो जुने खेळ भरलेल्या, बहुतेक दोन बिनवायरी रिमोटांसह. घेताना दुसरा रिमोट तिथेच सुरू करून पाहा, आणि टँक लावून पाहा, म्हणजे बटणं अडकतात का ते लगेच कळेल.

एवढं करूनही डक हंट त्यावर चालणार नाही. बंदुकीला तो काळा पडदा आणि पांढरा चौकोन ठरलेल्या क्षणी दिसावा लागतो, आणि काचेच्या नळीचा टीव्ही पडद्यावर चित्र ओळीओळीने, त्याच क्षणी रंगवत जायचा. एलईडी टीव्ही चित्र आधी घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. हा उशीर डोळ्याला कळत नाही, बंदुकीला कळतो. पांढरा चौकोन दिसेपर्यंत तिची पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. तेव्हा माळ्यावर, सज्जावर कुठे जुना खोक्याचा टीव्ही पडला असेल आणि सोबत ती बंदूक असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा वायर जोडून पाहा. बदक उडवायला एक रिमोटही शोधून ठेवा.